वच्छलाच्या पापडाला अकरा जणी

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन चार दिवस झाले होते, आणि मस्कतहून सुट्टीवर आलेल्या अभिमनचा पाचवा धंदा त्या सकाळी चहाबरोबरच संपला.

पहिला लाँड्रीचा होता. तो मुंबईच्या विमानतळावर सुरू झाला आणि नरडाण्याच्या स्टेशनावर उतरेपर्यंत बंद पडला. दुसरा खानावळीचा. आपल्याकडची शंभरेक पोरं मस्कतला वेल्डिंग-फिटिंग करतात, त्यांना कळण्याची भाकर आणि ठेचा कोण देतं, असं त्याने आल्या आल्या ओट्यावर बसून विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. स्वयंपाक कोण करणार, या प्रश्नाला माना थांबल्या. तिसरा व्हिडिओ कॅसेटींचा, चौथा पिठाच्या गिरणीचा. पाचवा खाटांचा, इकडे खाटा विणून घ्यायच्या आणि तिकडे विकायच्या, कारण आठ वर्षांत त्याला तिकडे खाटेवरच्यासारखी झोप लागली नव्हती. यावर थोरल्या भावाने, झुलालने, बशी खाली ठेवून एवढंच विचारलं, की खाट टाकायला तिकडे अंगण कोणाकडे आहे. अभिमनने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. कोणाकडेच नव्हतं.

हसण्यासारखं आहे, पण त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. कंपनीचं काम डिसेंबरात संपत होतं. पुढचं काम मिळेल असं कोणी म्हणत नव्हतं, मिळणार नाही असंही कोणी म्हणत नव्हतं. मस्कतला असला की त्याला कढी-फुनके आठवायचे, विहिरीचं पाणी आठवायचं, संध्याकाळी पाय पसरून फुकट गप्पा मारणारी माणसं आठवायची. इकडे येऊन दहा दिवस झाले, की दुपारी लाइट जायची आणि त्याला तिकडच्या रुवी भागातल्या खोलीतली गार हवा आठवायची. तिकडे इकडची भूक, इकडे तिकडची. या दोन्हींच्या मध्ये एखादा धंदा घालून बसता आलं तर बरं, एवढाच त्याचा हिशेब होता. झुलालचा हिशेब वेगळा. त्याला वाटायचं, धाकट्याने परत यावं, स्टेशनाजवळ शेंगदाण्याचं तेल काढायचं यंत्र टाकावं आणि शेताचा अर्धा भार उचलावा. तो हे कधी बोलला नाही. त्याने फक्त एकेका धंद्याला एकेक प्रश्न विचारला.

सहावा धंदा मात्र ओट्यावर कोणी मोजलाच नव्हता, कारण तो बायकोचा होता.

मागच्या अंगणात लिंबाच्या सावलीत पंधरा किलो उडदाचं पीठ भिजून, कुटून, तेलाचा हात लावून ओल्या फडक्याखाली तयार होतं. पहाटेपासून ते मुसळीने कुटलं कोणी? झुलालची बायको मंजुळाबाई हिने. तिचे तळहात सोलून निघाले होते. अभिमनची बायको वच्छला मिरी-हिंगाचं प्रमाण बघत होती आणि मधूनमधून म्हणत होती, की वहिनी, तुमच्यासारखं पीठ कोणाला जमत नाही. कौतुकाने हात बरे होत नाहीत.

आता इथे एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या गल्लीत पापडाला बाई मजुरीने लावत नाहीत. हिच्या पापडाला ती जाते, तिच्या पापडाला ही. आदल्या दिवशी नुसता निरोप धाडायचा. सकाळी भाकऱ्या उरकून बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून येतात, चहा पितात, तेलात बुडवून एखादी लाटी तोंडात टाकतात आणि पीठ संपेपर्यंत उठत नाहीत. कोणाच्या घरी कितीदा गेलो हे कोणी लिहीत नाही. पण विसरतही कोणी नाही.

भिकुबाईने, म्हणजे झुलाल-अभिमनच्या आईने, काल अकरा घरी निरोप धाडला होता आणि अकराच्या अकरा जणी आल्या होत्या. खाटेवर बसल्या बसल्या तिने त्या मोजल्या आणि तिला बरं वाटलं. चाळीस वर्षांत ती ज्याच्या पापडाला गेली नाही, असं घर गल्लीत नव्हतं. आता दोन वर्षं उजवा खांदा वर होत नव्हता, तरी बाया येत होत्या. सुनेला हे सांगावं असं तिला वाटलं. बघ, माणसं अशी जोडावी लागतात. पण मस्कतच्या सुनेला काय सांगायचं आणि कसं, याचा तिला अलीकडे अंदाजच येत नसे.

पहिलं फडकं भरलं, दुसरं भरलं. लाटण्यांचा आवाज एका लयीत लागला. पुनाबाईने पिठाच्या पातेल्यावरचं फडकं उचलून आत डोकावलं आणि सहज विचारलं, की घरात माणसं पाच आणि पीठ वऱ्हाडाचं, मस्कतला लगीन काढलंय का काय. सगळ्या हसल्या. वच्छलाही हसली आणि म्हणाली, तिकडे ओळखीचे फार आहेत.

इथेच विषय संपला असता. पण मंजुळाबाईने काल रात्री नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, की वच्छलाने तिकडच्या चाळीस घरांकडून पापडाचा शब्द घेतला आहे. चाळीस घरं! आणि पीठ कुटायला मी. मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? तिला तर उलट वाटत होतं, की आपण इकडून करून धाडावे, तिने तिकडे विकावे, आपलंही काहीतरी घराबाहेरचं असावं. तिने मनात या धंद्याला नावसुद्धा ठेवलं होतं. ते कोणी विचारलं नाही. आता ती जे बोलली ते मुद्दाम बोलली, की तोंडातून निसटलं, हे नंतर तिचं तिलाही सांगता येईना.

"खावाले नही, इकाले शेत," ती लाटी मळत खाली बघून म्हणाली. "तठे दुकान लावनार शे आमनी वच्छला."

लाटणी लगेच थांबली नाहीत. एक थांबलं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. ताईबाईचं सगळ्यात शेवटी थांबलं. तिने हातातला पापड नीट पूर्ण केला, फडक्यावर टाकला, पोळपाटावरचं पीठ झटकलं. ताईबाई ही भिकुबाईच्याच वयाची, समोरच्या घरची, आणि दोघींचं चाळीस वर्षांत एकदाच भांडण झालेलं होतं.

"घरना खावाना पापड व्हतात तं दिवस बुडापावत लाटतूत," ती म्हणाली. "इकाना शेत तं मजूर लाव ना, भिकुबाई. आमले काबर बलावं?"

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती. भिकुबाईने सुनेकडे पाहिलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. घरात काय चाललंय ते सासूला माहीत नाही, हे अकरा जणींपुढे कबूल कोण करणार? तिला वाटलं, आपण चाळीस वर्षं जे जोडलं ते या पोरीने एका सकाळी पातेल्यात घालून कालवलं. आणि वाईट याचं, की पोरीला त्यात काही चुकलं असं वाटतही नव्हतं. वच्छला गोंधळून एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. पापड तर तेच, हात तेच, मग तिकडे कोणी खाल्ले आणि काय देऊन खाल्ले याने इकडे काय बिघडलं, हे तिला खरंच उमगत नव्हतं.

पिठाला मात्र कोणाच्या रागलोभाशी देणंघेणं नसतं. अकरा वाजत आले होते. दुपार टळेपर्यंत ते लाटलं गेलं नाही तर सुकून दगड होणार, आणि पंधरा किलो पीठ दोन जावांच्या हातांनी होणं शक्य नव्हतं. नऊ तारखेला विमान. चाळीस घरांना दिलेला शब्द त्या पातेल्यात होता.

मागून आवाज बंद झाला म्हणून अभिमन ओट्यावरून उठून आला. मामला त्याला अर्धाच समजला, आणि अर्ध्या समजुतीवर माणूस जे करतो ते त्याने केलं. तिकडे आठ वर्षांत कोणतंही अडलेलं काम तो एकाच पद्धतीने सुटताना बघत आला होता. त्याने खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाला, की काकू, तुमचं बरोबर आहे, विकायचे आहेत तर तुमच्या दिवसाचं जे काय होईल ते मी देतो, वर चार रुपये जास्त घ्या.

झुलाल त्याच्या मागेच होता. त्याने भावाचा हात धरायचा प्रयत्न केला, पण पाकीट उघडलेलं होतं.

ताईबाई त्या पाकिटाकडे बघत राहिली.

"मनी अंडेरना लगीनले तुनी माय तीन दिन मना घर पापड लाटी र्‍हायनी व्हती. तिनी मजुरी काय व्हस, ते बी सांगी दे बापू. मी आतेच देस, आन मोकळी व्हस."

बापू म्हणून ती त्याला लहानपणापासून हाक मारायची. अभिमनने पाकीट मिटलं. भिकुबाईने पदर तोंडावर घेतला. तिला रडू आलं ते अपमानाचं होतं की ताईबाईने लेकीच्या लग्नातले ते तीन दिवस अजून लक्षात ठेवले त्याचं, हे सांगणं कठीण. झुलाल थोरल्यासारखा पुढे होऊन काहीतरी समजुतीचं बोलणार होता, पण त्याला आयुष्यात प्रथमच एकही प्रश्न सुचला नाही. आणि मंजुळाबाईला, जिने हे सगळं पेटवलं, एकदम जावेची दया आली. कारण वच्छला पिठाच्या पातेल्याशेजारी उकिडवी बसून दोन्ही हातांनी फडकं दाबून धरत होती, कोणी ते ओढून नेणार असल्यासारखं.

बाया पोळपाटं आवरू लागल्या. कोणी वाईट बोललं नाही. पुनाबाईने तर आपल्या वाट्याच्या लाट्या परत पातेल्यात ठेवल्या, म्हणजे वाळू नयेत.

"ताईकाकू," वच्छला म्हणाली, "माले सांगता येत नही, पन ऐकी तं ल्या."

आणि तिने जे सांगितलं ते काही मुद्देसूद नव्हतं. ती म्हणाली, की दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याकडे गेली, तेव्हा पहिल्या वर्षी तिने तिकडे दोन किलो पीठ भिजवलं. सकाळी नवरा कामावर गेला. तिने पोळपाट मांडलं आणि दाराकडे बघत बसली. कोणी येणार नव्हतं हे तिला माहीत होतं, निरोपच धाडला नव्हता, धाडणार कोणाला? तरी ती बसली. तासभर बसली. पीठ सुकत चाललं तेव्हा भानावर आली आणि एकटीने लाटायला लागली. गच्चीवर वाळत घातले ते वाऱ्याने अर्धे उडाले, खाली कोणाच्या तरी गाडीवर पडले. गाडीवाली बाई पुण्याकडची निघाली. ती भांडायला आली आणि पापड बघून म्हणाली, हे कसे दिले? वच्छलाला भाव माहीत नव्हता. तिने तोंडाला आला तो सांगितला. तीन महिन्यांत नवरा सोडून तिच्याशी बोललेली ती पहिली बाई होती. पुढच्या आठवड्यात तिने दुसरी धाडली, दुसरीने तिसरी.

"मी म्हनतू, तशेच ल्या, तं त्या परत उन्या नसत्या," ती म्हणाली. "फुकट लेतीन आन जातीन. भाव लावा तं महिनामा एकदा दारसे येतस. माले त्याच बाया शेत तठे. आते इतला पापड मी एकलीवरी व्हत नही, तं माले तुमी आठवल्यात. मजूर लावाना इचार मना मनमा उना बी नही. माले वाटनं, आपला घर पापड शेत, तं आपल्या बाया येतीन."

अभिमनने हे कधी ऐकलं नव्हतं. पापड उडाल्याचं ऐकलं होतं. ती गोष्ट तो मित्रांना हसवायला सांगायचा. तासभर दाराकडे बघत बसल्याचं तिने त्याला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि तो त्या वेळी लाँड्रीचा विचार करत असेल.

लिंबाची पिकली निंबोळी एका पापडावर पडली, ती कोणी उचलली नाही. ताईबाईने पोळपाट काखेतून काढून जमिनीवर टेकवलं, पण ती बसली नाही.

"जाशी कव्हय?" तिने विचारलं.

नऊ तारखेला, वच्छलाने सांगितलं.

"मना घर पापड पंधरा तारखेले शेत," ताईबाई म्हणाली. "येशी का?"

हा प्रश्न सगळ्यांना समजला. भिकुबाईचा खांदा गेला होता. तिच्या जुन्या पुण्याईवर दोन वर्षं भागलं, ते आज या पिठाबरोबर संपत होतं. पापड वच्छलाचे, तेव्हा यापुढे त्यांची फेड करायला जायचं तर ते वच्छलाने जायचं, स्वतःच्या हाताने, स्वतःचं लाटणं घेऊन. पैशाने ते फिटत नव्हतं आणि मस्कतमधून तर मुळीच नाही. अभिमनने घाईने सांगितलं, की तिकीट काढलेलं आहे, दोघांचं, बदलता येत नाही. मंजुळावहिनी जातील तिच्याऐवजी. ताईबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वच्छलाने फडक्यावरचा हात काढला. तिच्या डोक्यात काय चाललं होतं हे तिला नंतर कितीदा विचारलं गेलं. ती दर वेळी वेगळं सांगायची. कधी म्हणायची पीठ वाचवायचं होतं, कधी म्हणायची सासूचं तोंड बघवेना. एकदा म्हणाली, कोणी मला तारीख सांगून बोलावलं, म्हणून.

"येसू," ती म्हणाली.

ताईबाई खाली बसली आणि तिने लाटी उचलली.

मग पुनाबाई म्हणाली, माझे सतराला, आणि बसली. तिच्या मागची म्हणाली एकोणीसला. एकीने एकवीस सांगितली, एकीने चोवीस. एकीचं ठरलं नव्हतं, ती म्हणाली महिनाअखेर धर. वच्छला प्रत्येकीला येते म्हणत होती, आणि प्रत्येक होकाराला एक लाटणं सुरू होत होतं. अभिमन मधोमध उभा राहून ऐकत होता. डोळ्यांदेखत त्याची बायको एकेक तारखेने गावात गुंतत चालली होती. शेवटची बाई म्हणाली जूनच्या चारला, पाऊस लवकर आला नाही तर. त्यावर सगळ्यांना वाटलं झालं, तेवढ्यात मंजुळाबाईने घसा खाकरला. तिच्या माहेरी शिरपूरला भावजय एकटी आहे, ती म्हणाली, आणि पुढच्या वर्षी चाळीस घरांचं पीठ कोण कुटणार हे जर आत्ताच ठरणार असेल, तर वच्छलाने तिच्याही पापडाला एक दिवस जायला हवं. जावेकडे न बघताच ती बोलली. वच्छलाने तिचा सोललेला तळहात धरला आणि धरूनच ठेवला.

झुलालला मनातून आनंद झाला. एक माणूस तर राहिलं. आता दुसरंही मागोमाग येईल, यंत्र येईल, असं त्याला वाटायला लागलं. भिकुबाईला वाटलं, सूनबाईला रीत समजली. या दोन्ही समजुतींना आधार काय होता ते देव जाणे. ज्या धंद्यासाठी सगळं सुरू झालं तो धंदा आता उभा राहिला होता की बसला होता, हे त्या अंगणात एकालाही सांगता आलं नसतं.

पीठ साडेतीनला संपलं. बाया हात धुऊन गेल्या. वाळवणाच्या फडक्यांमधून वाट काढत अभिमन बायकोजवळ आला.

तिचा व्हिसा अजून चार महिने चालणार होता, तेवढं त्याने सांगितलं. ती हो म्हणाली. मग तू मागून येशील ना, असं विचारायचं होतं, पण दुसरंच विचारलं, की हे एवढे पापड आता कोण विकणार. वच्छलाने त्याच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. पेटी तुमच्याबरोबर येणार, ती म्हणाली, चाळीस घरांचे पत्ते वहीत आहेत, शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा नेऊन द्या.

आठ वर्षं तिकडे काढलेला फोरमन, हाताखाली बावीस माणसं, तो दारोदार पापड घेऊन उभा राहिलेला अभिमनला डोळ्यांसमोर दिसला. त्याला हसू येईना. तो म्हणाला, की मला त्या बायका ओळखत नाहीत, मी बोलू काय त्यांच्याशी?

"काही बोलू नका. मी लई गई तं बी दारमातूनच लेतस त्या," वच्छला एक ओला पापड अलगद उलटा करत म्हणाली. तो तिने फडक्यावर टाकला, दुसरा उचलला, आणि तिचे हात तिथेच थांबले. "आन कोनी घरना मजार बठा म्हनं, तं बठज्यात. माले कागद टाका मग, घर कसं शे ते. दोन वरीस व्हयनात, मी एक बी घर मजारथून दखेल नही."